देवळापासून डावीकडं तिसरं

"मित्रांनो, गोदी कायमची गेलेली नाही. सध्या बाजूला ठेवलीय, एवढंच," गेम कंपनीचा माणूस म्हणाला, आणि ऑनलाइन ऐकणाऱ्या सातशे जणांनी एकदम शिव्या लिहायला सुरुवात केली. बोलायची सोय फक्त त्याला होती, आमच्या वाट्याला लिहिणं. मी कानात हेडफोन घालून, मांडीवर पोह्यांची ताटली घेऊन ऐकत होते. साप्ताहिक सुट्टी होती, पावणेबारा वाजत आले होते, आणि माझा संताप त्या सातशे जणांपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

ज्यांनी असले खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. 'रेड बंकर' हा बंदुकांचा ऑनलाइन खेळ. चार-चार जणांच्या टोळ्या एकमेकींशी लढतात. गोदी ही त्यातली लढायची एक जागा. गंजकी जहाजं, कंटेनरच्या चळती, मधोमध उंच क्रेन. चार वर्षं आम्ही तिथं खेळलो. जानेवारीत कंपनीनं नवं अपडेट आणलं आणि उघडून बघतो तर गोदीच नाही. खेळून खेळून मिळवलेल्या बंदुकाही गायब. त्याच बंदुका नवा रंग मारून पेट्यांमध्ये घातलेल्या, पेटी विकत घ्यायची, आणि आत काय निघेल ते तुमचं नशीब. आमच्या टोळीच्या म्होरक्याची रायफल गेली होती, दोन वर्षं खपून मिळवलेली. ती परत मिळावी म्हणून त्यानं अठरा पेट्या फोडल्या. निघाली काय, तर हिरवी टोपी. तुम्हाला हसू येईल. मला त्या दिवशी रडू आलं होतं.

माझं दुःख क्रेनचं होतं. क्रेनच्या केबिनमधून सगळी गोदी दिसायची. मी तिथं बसायची आणि कोण कुठं लपलाय ते टोळीला लिहून कळवायची, 'निळा कंटेनर, उजवीकडून दुसरा, एक जण.' मग आमचे तिघं जाऊन त्याचा निकाल लावायचे. एका नजरेत जागा हेरायची, चार शब्दांत सांगायची. ह्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पाळीभर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचे नमुने तपासायचे आणि घरी आलं की आईचं 'फोटो आलाय बघ एक, इंजिनिअर आहे' ऐकायचं, अशा पोरीला तिथं किंमत होती.

पोरगी आहे हे मात्र तिथं कोणाला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं माईक चालू केलेला मी ऐकला, आणि मग तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं तेही. मी माईक लावलाच नाही. 'खराब आहे' असं लिहिलं. नाव पडलं मुक्या. चार वर्षं मी 'आलो', 'बघतो', 'थांबतो' असंच लिहीत राहिले. बाकी तिघं माझ्यादेखत बिनधास्त बोलायचे, बायकांबद्दल, भांडणांबद्दल, कोणाला कसं वाकवलं त्याबद्दल. मुक्यासमोर कसली लाज.

तर तो कंपनीचा माणूस बोलत होता. आवाज तरुण, जरा घाबरट. कोणीतरी विचारलं, आमच्या बंदुका आम्हालाच का विकता? तो म्हणाला, "फुकटात कंपनी किती दिवस चालणार, तुम्हीच सांगा," आणि हसला. त्या हसण्यानं सगळे पेटले. आणि त्याच वेळी त्याच्या मागून भोंगा वाजला.

लांब, जाड, मध्येच घसा बसल्यासारखा आणि मग पुन्हा चढलेला. माझ्या हेडफोनमध्ये वाजला आणि खिडकीतूनही वाजला. आमच्या कारखान्याचा भोंगा. बाराची पाळी बसायच्या आधी पंधरा मिनिटं होतो तो. मागच्या गळीत हंगामात त्याचा पाइप बदलला तेव्हापासून त्याचा आवाज असा फाटायचा, आणि तसा फाटका भोंगा अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. त्या माणसानं घाईघाईनं माईक बंद केला, पण उशीर झाला होता.

मी ताटली खाली ठेवली. आमच्या चौघांचा बोलायचा-लिहायचा वेगळा ग्रुप होता, तिथं लिहिलं, 'हा आमच्या कारखान्याचा भोंगा आहे. हा माणूस आमच्या कॉलनीत बसलाय.'

मग सरनोबतचा आवाज आला. हाच आमचा म्होरक्या. खरं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. कराडला त्याचे जेसीबी चालतात एवढं ठाऊक होतं. हा माणूस कधी ओरडायचा नाही. चिडला की आवाज खाली यायचा.

"मुक्या, खात्री?"

'शंभर टक्के.'

"घर कुठलं?"

मला विचार करावा लागला नाही. कारखान्याच्या कॉलनीत घरून काम करणारा एकच जण होता. शेती अधिकारी कणसे साहेबांना दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला, म्हणून त्यांचा मुलगा सुमेध बंगलोरहून परत आला होता आणि दिवसभर लॅपटॉपसमोर असायचा. माझी बोटं चार वर्षांच्या सवयीनं चालली.

'मागचं गेट. गणपतीचं देऊळ. देवळापासून डावीकडं तिसरं क्वार्टर. पांढरी स्कूटर. एक जण, सोबत म्हातारे आईवडील.'

"वा रे वाघा," टोपी म्हणाला. हा आमच्यातला हसरा, कायम कोणाची तरी खोड काढणारा. चौथा होता डंपर, डंपरच चालवायचा, कमी बोलायचा.

खरं सांगते, मला त्या क्षणी अभिमान वाटला. गोदी गेली, क्रेन गेली, तरी मुक्याचा कान आहे, असं वाटलं. हात धुवून आले, चहा प्यायले, आणि चहा पिताना पहिल्यांदा मनात आलं की आपण हे खेळात लिहिलेलं नाही.

मी विचारलं, 'काय करणार?'

सरनोबतनं एकच शब्द लिहिला. 'समजावणार.'

हा शब्द मी आधी ऐकला होता. वर्षभरापूर्वी कुरुंदवाडचा एक पोरगा खेळात लबाडी करताना सापडला होता, भिंतीआडचं दिसायचं कसलं तरी सॉफ्टवेअर लावून. सरनोबतनं त्याचा पत्ता काढला आणि एका रविवारी तिघं जाऊन आले. संध्याकाळी खेळायला बसलो तेव्हा तो मऊ आवाजात म्हणाला, "समजावून आलो. दाराच्या फटीत बोट धरलं की माणूस लगेच खरं बोलतो." टोपी खूप हसला. मी ते फुशारकी म्हणून सोडून दिलं. तो पोरगा मात्र पुन्हा कधी ऑनलाइन दिसला नाही.

मी लिहिलं, 'जाऊ दे भाऊ. तो साधा नोकर माणूस आहे.' दोन दिवस ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही, आणि रोज शंभर मेसेज पडणाऱ्या त्या ग्रुपची शांतता मला सहन होईना.

शनिवारी लॅबमधून येताना मी मुद्दाम कणसे साहेबांच्या घरावरून सायकल घातली. सुमेध व्हरांड्यात वडिलांच्या हाताला तेल चोळत बसला होता. साहेब खुर्चीत, मान एका बाजूला, डावा हात मांडीवर पडलेला. पूर्वी हा माणूस बुलेटवरून उसाचे प्लॉट बघत हिंडायचा, बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतात ऐकू जायची.

"साहेब बरे आहेत का रे?" मी विचारलं.

"आहेत असेच. बोटं हलत नाहीत अजून. ये ना सारिका."

मी सायकलवरून न उतरता म्हणाले, "तू त्या गेमच्या कंपनीत आहेस ना?"

त्याचा चेहरा उतरला. तो उठून फाटकापाशी आला. "तुला कोणी सांगितलं?"

"असंच. ऐकलं."

"कोणाला सांगू नकोस हं, पाया पडतो. लोक फार भडकलेत. रोज मेसेज येतात, हात तोडू, घरात घुसू. अगं मी फक्त लिहून दिलेलं वाचतो. गोदी काढू नका म्हणून मीच दोन मेल केले वरती, मला म्हणाले तुझं काम बोलायचं आहे, ठरवायचं नाही." त्यानं मागं वळून बघितलं. "मी हसलो ना, ते हसायला नको होतं. घाबरलो की मला हसू येतं. पण इथला पत्ता कोणाला माहीत नाही, म्हणून निवांत आहे. नाही सांगणार ना?"

"नाही सांगणार," मी म्हणाले.

एवढं म्हणून मी सायकल पुढं काढली. सांगायचं होतं की आजच आईवडिलांना घेऊन कुठं तरी जा. पण तुला कसं कळलं, असं त्यानं विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. चार वर्षं मी कोण म्हणून खेळले, काय ऐकलं, काय लिहिलं. मी भित्री होते. दुसरा शब्द नाही. आज माझा पत्ता कुरिअरवाल्यालासुद्धा नाक्यापर्यंतच माहीत असतो, पण त्या वेळी दुसऱ्याचा पत्ता म्हणजे काय असतो ते मला कळलं नव्हतं.

रविवारी माझी पहाटे चारची पाळी होती. बाराला सुटले. वडील रस आटवायच्या पॅनवर काम करायचे, ते मला गेटात भेटले, बाराच्या पाळीला आत चालले होते. डबा विसरला नाही ना, असं मी विचारलं, ते हसले. मी मागच्या गेटाकडून निघाले आणि देवळापाशी करड्या रंगाची गाडी दिसली. तीन माणसं उतरत होती. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यातला लठ्ठ माणूस मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "हे देऊळ. इथनं डावीकडं तिसरं."

तो आवाज टोपीचा होता. तो माझं लिहिलेलं वाचत होता.

सायकल देवळाच्या कट्ट्याला टेकवली. फोन काढला, कोणाला करायचा सुचेना. सिक्युरिटीला केला, तो लागला नाही. तोवर ते आत गेले होते. जाताना तिघांनी व्हरांड्याबाहेर चपला काढून नीट जोडून ठेवल्या होत्या, पाहुणे ठेवतात तशा. मी फाटकापाशी उभी राहिले. व्हरांड्यातलं सगळं तिथनं दिसत होतं.

सरनोबत पन्नाशीचा असेल असं मला नेहमी वाटायचं. माणूस पस्तिशीचा निघाला. बारीक, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला अष्टगंध. त्यानं आधी कणसे साहेबांच्या पायाला हात लावला.

"काका, तब्येत कशी आहे?"

साहेबांनी नुसतं बघितलं. सुमेध दारात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. पाहुणे आलेत म्हणून पाणी आणायला गेला होता बिचारा. "आपण कोण?" त्यानं विचारलं.

"आम्ही रेड बंकर खेळतो," सरनोबत म्हणाला. "बस. आई कुठं आहेत?"

"बाजारला गेल्यात."

"बरं झालं. टोपी, मोबाईल लाव."

टोपीनं खिडकीत मोबाईल उभा केला. डंपर पायरीवर उभा राहिला, उंच, खाली मान घातलेला. सरनोबत खुर्ची ओढून साहेबांशेजारी बसला आणि सुमेधला म्हणाला, "आता मोबाईलकडं बघून बोलायचं. लोकांना फुकटे म्हणालो, चुकलो. गोदी आठ दिवसांत परत येईल. बंदुका ज्याच्या त्याला मिळतील. एवढंच."

"चुकलो म्हणतो, हजारदा म्हणतो," सुमेध म्हणाला. "पण गोदी माझ्या हातात नाही हो. मी नोकर आहे. मी असं बोललो तर उद्या नोकरी जाईल, आणि ह्यांची औषधं—"

आणि तो हसला. घाबरून हसला. मला ते कळत होतं, त्यांना कळलं नाही.

सरनोबतनं साहेबांचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. तेलानं मऊ झालेला तो हात. त्यानं करंगळी हळूच सरळ केली. "ह्यात जीव नाही का काही?"

"नाही. हात सोडा त्यांचा."

"मग दुखत पण नसेल," सरनोबत म्हणाला, आणि करंगळी उलट्या बाजूला न्यायला लागला. अगदी सावकाश. साहेबांच्या तोंडून आवाज निघेना, पण डोळे मोठे झाले आणि चांगल्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा धरला. सुमेध पुढं धावला तर टोपीनं त्याला भिंतीशी दाबून धरलं. तांब्या खाली पडून पाणी सगळीकडं झालं.

"हात सोड," मी म्हणाले.

मी कधी फाटक उघडलं मला आठवत नाही. मी पायरीवर होते, डंपरच्या शेजारी.

सरनोबतनं वर बघितलं. "ताई, तुम्ही यात पडू नका. आमचं आपापसातलं आहे."

"सरनोबत, हात सोड त्यांचा."

ते नाव ऐकून तिघंही थांबले. टोपी म्हणाला, "ही कोण आता?"

"मी मुक्या."

टोपी हसला. "वा. मुक्याला बायको पण आहे वाटतं."

"बायको नाही. मीच. तुला मागच्या होळीला पोलिसांनी सांगलीत धरलं होतं, मेव्हण्यानं सोडवलं, ते बायकोला अजून माहीत नाही. डंपर, तुझ्या मुलीच्या बारशाला तू गोदीवरनं उठून गेलास आणि आपण हरलो." मग मी सरनोबतकडं बघितलं. "आणि कुरुंदवाडच्या पोराचं बोट तू दाराच्या फटीत धरलंस. उजव्या हाताचं. डंपर गाडीतनं उतरला नव्हता. हे सगळं मी ऐकलंय. हा हात सोडला नाहीस तर पोलिसात जाऊन एक एक शब्द सांगेन."

सरनोबतनं करंगळी सोडली. हात उचलून पुन्हा साहेबांच्या मांडीवर ठेवला, नीट, होता तसा. मग माझ्याकडं बघत बसला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"चार वर्षं," तो म्हणाला. आवाज इतका खाली की मला पुढं वाकावं लागलं. "आमच्यात बसून चार वर्षं ऐकत होतीस."

"हो."

"आणि ह्याचं घर पण तूच दाखवलंस."

सुमेधनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

सरनोबत उठला. टोपीनं मोबाईल काढून घेतला. व्हरांड्याबाहेर येऊन सरनोबतनं चपला घातल्या, पट्टा नीट केला, आणि मला वाटलं, सुटलो. साहेब सुटले. पोलिसांचं नाव काढलं आणि घाबरले. तेवढ्यात तो वळला आणि सुमेधला, अगदी वाट विचारावी तसं विचारलं, "हिचं घर कुठलं रे?"

मी सुमेधकडं बघितलं. तो वडिलांकडं बघत होता. साहेबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि चांगल्या हातानं ते दुसरा हात चाचपत होते.

"पाण्याच्या टाकीमागं," सुमेध म्हणाला. "पिवळं क्वार्टर, नंबर अकरा. दारात कडीपत्ता आहे. वडील आत्ता पाळीवर असतील, आई एकटी असते."

मी त्याला दोष देत नाही. तेव्हा दिला, आता देत नाही. सरनोबतनं मान हलवली, जशी एखाद्या कामाच्या माणसाला हलवतात. गाडी सुरू झाली.

मी सायकलकडं धावले. गाडीला पाण्याच्या टाकीकडं वळसा घालून जावं लागतं, मी मळीच्या टाक्यांमागनं आडवी गेले. चेन पडली. सायकल तशीच टाकून पळाले. ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती, त्यातनं वाट काढताना कोणीतरी म्हणालं, अगं पोरी, सावकाश.

गाडी आमच्या दारात उभी होती. चपला बाहेर काढलेल्या, जोडून ठेवलेल्या.

ते व्हरांड्यात बसले होते. डंपर उभाच. टोपीच्या हातात लाडू होता. आई पदराला हात पुसत दारात उभी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आमच्याकडं माझी म्हणून माणसं कधी आलीच नव्हती.

"आलीस? किती वेळ," ती म्हणाली. "तुझे ओळखीचे आलेत बघ कराडहून. चार वर्षांची ओळख आहे म्हणतात, आणि तू कधी बोलली नाहीस ती. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणतात."

मला धाप लागली होती, आणि आईचा हात सरनोबतच्या हातापासून वीतभर लांब होता.

सरनोबतनं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठला. तो आईच्या पाया पडला. "निघतो काकू. लांब जायचं आहे. आज नुसतं घर बघून जावं म्हटलं. आता घर बघितलंय, येत जाऊ."

"या की, कधीही या," आई म्हणाली. "ही चारच्या पाळीला असली की बारानंतर घरीच असते. पुढच्या आठवड्यात मात्र बारा ते आठ, तेव्हा मी एकटीच असते."

टोपीनं लाडवाचा हात पँटला पुसला, मोबाईल काढला आणि ते लिहून घेतलं.